एझ्रा जॅक कीट्स यांची चित्रपुस्तके : वगळलेल्या मुलाचे चित्रण

प्रास्ताविक

आपल्याकडे बालसाहित्याची चर्चा होते ती बहुतांशी शब्दांची. गोष्ट कोणी लिहिली, तिच्यातून बोध कोणता मिळतो, भाषा मुलांच्या वयाला झेपणारी आहे की नाही, हे प्रश्न मराठीतही विचारले जातात आणि उर्दूतही. पुस्तकातील चित्रे कोणाची, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. चित्रकाराचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेले असते आणि पुष्कळदा समीक्षकाच्या नजरेतून ते सुटते. वस्तुतः ज्या मुलाला अजून अक्षरओळख झालेली नाही, ते पुस्तक हातात घेतल्यावर प्रथम चित्रेच वाचते. त्या चित्रांत आपल्यासारखे कोणी आहे की नाही, हे त्याला कोणी न सांगता कळते.

या दृष्टीने अमेरिकन चित्रकार एझ्रा जॅक कीट्स (१९१६-१९८३) यांचे काम अभ्यासण्याजोगे आहे. त्यांनी १९६२ साली ‘द स्नोई डे’ या चित्रपुस्तकाचा नायक म्हणून एका कृष्णवर्णीय मुलाला उभे केले. पुस्तकाचा मोठा गौरव झाला आणि तीन वर्षांच्या आत त्यावर कठोर टीकाही झाली. आपल्या दृष्टीने हा गौरव जितका महत्त्वाचा, तितकीच ती टीकाही. प्रस्तुत लेखात कीट्स यांची जडणघडण, त्यांचे हे प्रमुख पुस्तक आणि त्यावरील आक्षेप यांचा परामर्श घेतला आहे. अल्पसंख्य समाजातील मुलांना शिकवणाऱ्या, किंवा त्यांचे शिक्षक घडवणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांना त्यातून काय घेता येईल, याचाही विचार शेवटी करावयाचा आहे.

जडणघडण

कीट्स यांचे मूळ नाव जेकब एझ्रा कॅट्झ. पोलंडमधून अमेरिकेत आलेल्या गरीब ज्यू दांपत्याचे ते तिसरे अपत्य. जन्म ११ मार्च १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील बेंजामिन हे एका छोट्या खानावळीत वाढप्याचे काम करीत. मुलाने चित्रकार होऊन उपाशी मरावे, हे त्यांना मान्य नव्हते आणि तसे ते बोलूनही दाखवीत. तरीही घरी येताना ते अधूनमधून रंगाच्या नळ्या घेऊन येत. एका भुकेल्या चित्रकाराने सूपच्या वाडग्याच्या बदल्यात त्या दिल्या, असे सांगत. पदरचे पैसे मोडून आणलेल्या रंगांवर घातलेले हे पांघरूण होते. आई ऑगस्टा हिची तऱ्हा निराळी होती. लहानग्या जेकबने स्वयंपाकघरातील टेबलाचा पृष्ठभाग चित्रांनी भरून टाकला, तेव्हा तिने तो पुसला नाही. वर कापड घालून तो जपला आणि शेजारणी आल्या की कापड उचलून दाखवला.

जानेवारी १९३५ मध्ये, जेकब शालान्त पदवी घेणार त्याच्या आदल्या दिवशी, वडिलांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. मृतदेहाची ओळख पटवताना मुलाने त्यांचे पाकीट उघडले. त्यात त्याच्या चित्रांना मिळालेल्या बक्षिसांची, वृत्तपत्रांतून कापलेली, हाताळून जीर्ण झालेली कात्रणे होती. कला महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळूनही घरच्या परिस्थितीमुळे त्यांना ती घेता आली नाही. महामंदीच्या त्या काळात सरकारी रोजगार योजनेत त्यांनी भित्तिचित्रांवर काम केले. पुढे ‘कॅप्टन मार्व्हल’सारख्या चित्रकथांची पार्श्वभूमी रंगवली. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात दाखल झाले आणि तेथे शत्रूला चकवणारे रंगपट्टे तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

युद्धानंतरच्या अमेरिकेत ज्यूंविषयीचा द्वेष संपलेला नव्हता. अनेक नोकऱ्यांच्या जाहिरातींत ते नको असल्याचे सरळ किंवा आडवळणाने सुचवलेले असे. १९४७ साली जेकब एझ्रा कॅट्झ यांनी कायदेशीररीत्या आपले नाव बदलून एझ्रा जॅक कीट्स असे केले. विख्यात इंग्रजी कवीशी असलेले नामसाधर्म्य एवढाच या नावाचा त्या कवीशी संबंध. आपले नाव कागदावर दिसताच दार बंद होते, हा अनुभव आपल्या वाचकांना परका नाही. नाव बदलावे लागलेल्या या माणसानेच पुढे, ज्याला कातडी बदलता येत नाही अशा मुलाचे चित्र काढले. त्यांच्या चरित्रातील ही घटना म्हणूनच मला कळीची वाटते.

भिंतीवरचे कात्रण

१९४० साली ‘लाइफ’ या साप्ताहिकात चार छायाचित्रांची एक मालिका प्रसिद्ध झाली होती. जॉर्जिया राज्यातील एक लहान कृष्णवर्णीय मुलगा रक्ततपासणीसाठी उभा आहे. सुई टोचण्यापूर्वीचा त्याचा विश्वास, मग शंका, मग दुखणे, असे भाव त्यात टिपलेले आहेत. कीट्स यांनी ती छायाचित्रे कापून घेतली आणि सुमारे वीस वर्षे ती त्यांच्याजवळ राहिली. कधी भिंतीवर टाचलेली असत, कधी खणात ठेवलेली.

दरम्यान १९५४ पासून ते इतर लेखकांच्या मुलांच्या पुस्तकांना चित्रे काढू लागले. हाती येणाऱ्या संहितांतून कृष्णवर्णीय मूल नायक म्हणून येतच नाही, आले तर कोणाचा तरी सोबती म्हणून येते, हे त्यांच्या लक्षात आले. १९६० साली पॅट चेर यांच्यासह त्यांनी ‘माय डॉग इज लॉस्ट!’ हे पुस्तक केले. त्याचा नायक ह्वानितो पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कमध्ये नुकताच आलेला आहे आणि त्याला फक्त स्पॅनिश येते. हरवलेला कुत्रा शोधताना शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांतील मुले त्याच्या मदतीला येतात. घरची भाषा एक आणि रस्त्यावरची दुसरी, असे हे मूल अमेरिकन चित्रपुस्तकात तोवर फारसे दिसलेले नव्हते. व्हायकिंग या प्रकाशनसंस्थेने स्वतःचे पुस्तक करण्याची संधी दिली, तेव्हा कीट्स यांनी ते जुने कात्रण पुन्हा समोर ठेवले. त्या छायाचित्रांतील मुलाचा चेहरामोहरा त्यांनी पीटरला दिला.

एक ऐतिहासिक खुलासा येथे आवश्यक आहे. कृष्णवर्णीय मूल अमेरिकन चित्रपुस्तकात कीट्स यांच्यामुळेच प्रथम आले, असे अनेकदा लिहिले जाते. ते अचूक नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टू इज अ टीम’ या पुस्तकात एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय असे दोन मित्र आहेत आणि त्याची चित्रे अर्नेस्ट क्रिचलो या कृष्णवर्णीय चित्रकाराची आहेत. कीट्स यांचे वेगळेपण पहिलेपणात नाही. संपूर्ण रंगीत पुस्तकाच्या मध्यभागी एकटे, स्वतःच्याच आनंदात रमलेले मूल ठेवणे आणि त्याच्या रंगाविषयी एक शब्दही न लिहिणे, यात ते आहे.

‘द स्नोई डे’चे चित्रवाचन

कथानक अगदी साधे आहे. शहरातील पीटर नावाचा छोटा मुलगा सकाळी उठतो, तर रात्रीतून सगळीकडे बर्फ पडलेले. लाल रंगाचा जाड पोशाख घालून तो बाहेर पडतो. बर्फात पावले उमटवतो, कधी चवडे बाहेर वळवून, कधी आत वळवून. मग एक काठी ओढत तिची तिसरी रेघ काढतो. काठीने झाड हलवताच बर्फ डोक्यावर पडते. मोठ्या मुलांच्या बर्फयुद्धात सामील व्हावेसे वाटते, पण आपण अजून तेवढे मोठे नाही हे त्याला ठाऊक आहे. तो बर्फाचा माणूस करतो, टेकडीवरून घसरतो आणि एक गोळा खिशात घालून घरी येतो. रात्री पाहतो तो खिसा रिकामा. स्वप्नात सूर्य सगळे बर्फ वितळवून टाकतो. सकाळी जाग येते तेव्हा बाहेर नवे बर्फ पडत असते आणि पीटर शेजारच्या मित्राला हाक मारून बाहेर जातो.

चित्रांकडे पाहिले की या साधेपणामागील विचार ध्यानात येतो. कीट्स यांनी येथे कोलाजचे तंत्र वापरले. आईच्या अंगावरील चौकड्यांचा पोशाख कपाटाच्या फळ्यांवर अंथरण्याच्या मेणकापडाचा आहे. बिछान्यासाठी चित्रकाराच्या कॅनव्हाससारखे बेल्जियन कापड वापरले आहे. निरनिराळ्या देशांतील नक्षीदार कागद कापून भिंती आणि घरे उभी केली आहेत. बर्फाच्या पाकळ्या खोडरबर कोरून उमटवलेले ठसे आहेत. पीटर खिन्न होऊन झोपतो त्या पानाची करडी पार्श्वभूमी टूथब्रशने काळी शाई शिंपडून तयार केली आहे. आईने टेबलावरचे चित्र ज्या स्वयंपाकघरात जपले, त्याच स्वयंपाकघरातील वस्तू पुढे या चित्रांत आल्या.

या तंत्राचा अर्थाशी संबंध आहे. पांढऱ्याशुभ्र विस्तारात लाल पोशाखातील एक लहान आकृती जवळजवळ प्रत्येक पानावर दिसते. नजर आपोआप तिच्याकडे वळते. पांढरा हाच ज्या समाजात योग्यतेचा रंग मानला जात होता, तेथे पांढऱ्या पानाच्या मध्यभागी पीटर निर्वेधपणे खेळतो आहे. त्याला कोणी हुसकत नाही, कोणी त्याची दयाही करत नाही. अमेरिकेत वांशिक समतेचा लढा ऐन भरात असताना हे पुस्तक आले, पण त्यात लढ्याचा उल्लेख नाही. मुलाला निर्धास्तपणे खेळता येणे, हाच त्या लढ्याचा एक हेतू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा अनुल्लेख पलायन वाटत नाही.

१९६३ सालचे कॅल्डेकॉट पदक या पुस्तकाला मिळाले. चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दिला जाणारा हा अमेरिकेतील सर्वोच्च मान आहे. कवी लँगस्टन ह्यूज यांनी पुस्तकाचे स्वागत केले. एका शिक्षिकेचे पत्रही या संदर्भात नेहमी सांगितले जाते. तिच्या वर्गातील कृष्णवर्णीय मुले स्वतःचे चित्र काढताना आजवर गुलाबी खडू उचलत असत. हे पुस्तक वाचल्यानंतर त्यांनी तपकिरी खडू उचलला, असे तिने कीट्स यांना कळवले होते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० साली आपल्या १२५ वर्षांच्या इतिहासातील सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा ४,८५,५८३ नोंदींसह ‘द स्नोई डे’ पहिल्या क्रमांकावर होते.

आक्षेप आणि त्यांचे मोल

सप्टेंबर १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांचा एक लेख ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. अमेरिकन बालपुस्तकांचे जग संपूर्ण गोऱ्यांचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या ५,२०६ बालपुस्तकांची त्यांनी पाहणी केली होती. मजकुरात किंवा चित्रांत एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तके त्यांत केवळ ३४९, म्हणजे ६.७ टक्के निघाली. या लेखात ‘द स्नोई डे’ही सुटले नाही. पीटरचा वंश मजकुरात कोठेही सांगितलेला नाही आणि भडक चौकड्यांच्या पोशाखातील स्थूल आई ही गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या कृष्णवर्णीय दाईच्या जुन्या साचेबंद प्रतिमेची आठवण करून देते, असे दोन आक्षेप त्यांनी घेतले. कीट्स यांना हे लागले आणि त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहून उत्तर दिले.

पहिला आक्षेप मला पटत नाही. चित्रपुस्तकात चित्र हाही मजकूरच असतो. पानावर जे डोळ्यांना दिसते ते शब्दांनी पुन्हा सांगणे म्हणजे चित्रावर अविश्वास दाखवणे होय. शिवाय गोऱ्या नायकाच्या पुस्तकात तो गोरा असल्याचे कोणी लिहीत नाही. ती सवलत पीटरलाच का नसावी?

दुसरा आक्षेप इतका सहज बाजूला सारता येत नाही. चित्रकाराचा हेतू निर्मळ असला तरी डोळ्यांत साठलेल्या प्रतिमा हातून उतरतात. कीट्स यांनी मुलाचा चेहरा एका खऱ्या मुलाच्या छायाचित्रावरून घेतला होता, म्हणून पीटर जिवंत झाला. आईच्या आकृतीत तसे जिवंतपण नाही. पीटरचे ओले मोजे काढणारी ही आई प्रेमळ आहे, पण तिला स्वतःचे असे व्यक्तित्व नाही. पीटर पाहण्यातून साकारला आहे आणि आई ठोकताळ्यातून, असा हा फरक आहे.

पुढील काळात रुडीन सिम्स बिशप या कृष्णवर्णीय अभ्यासिकेने हा विचार अधिक खोलात नेला. १९८२ सालच्या ‘शॅडो अँड सब्स्टन्स’ या ग्रंथात त्यांनी अशा पुस्तकांचे तीन वर्ग केले. गोऱ्या वाचकाची सदसद्विवेकबुद्धी जागी करणारी पुस्तके, सर्व मुले सारखीच असे मानून सांस्कृतिक वेगळेपणाकडे दुर्लक्ष करणारी पुस्तके, आणि त्या समाजाच्या आतून, त्याच्या बोलीरीतींसह लिहिलेली पुस्तके, असे ते वर्ग आहेत. कीट्स यांच्या पुस्तकांचा विचार दुसऱ्या वर्गात होतो. पीटरच्या घरात काय शिजते, त्याची आजी कोणती गाणी गुणगुणते, घरात देवाचे नाव कसे घेतात, हे आपल्याला कळत नाही. १९९० साली बिशप यांनीच बालपुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकते दार या उपमा दिल्या. त्या आज जगभर वापरल्या जातात.

याला जोडूनच चित्रे कोण काढतो हा प्रश्न येतो. पीटरला १९६३ मध्ये पदक मिळाले, पण कॅल्डेकॉट पदक पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय चित्रकाराच्या हाती, लिओ डिलन यांच्या हाती, आले ते पत्नी डायन यांच्यासह १९७६ मध्ये. जॉन स्टेप्टो या तरुणाचे ‘स्टीव्ही’ हे पुस्तक १९६९ साली आले आणि त्यात कृष्णवर्णीय वस्तीची बोली प्रथमच इतक्या मोकळेपणाने उमटली. कीट्स यांनी दार उघडले, हे खरे. आत येऊन आपले घर दाखवण्याचे काम मात्र त्या घरच्या माणसांनाच करावे लागले.

नंतरची पुस्तके

कीट्स यांनी टीकेला खरे उत्तर पुढील कामातून दिले. पीटर एकूण सात पुस्तकांत येतो आणि त्यांत तो वाढत जातो. ‘व्हिसल फॉर विली’त (१९६४) तो कुत्र्याला बोलावण्यासाठी शीळ घालायला शिकतो. ‘पीटर्स चेअर’मध्ये (१९६७) त्याच्या जुन्या वस्तू धाकट्या बहिणीसाठी गुलाबी रंगवल्या जातात, तेव्हा तो रुसून आपली खुर्ची घेऊन घराबाहेर जातो. खुर्चीत आपण आता मावत नाही, हे कळल्यावर तोच वडिलांबरोबर ती रंगवायला बसतो. ‘अ लेटर टू एमी’त (१९६८) तो एका मुलीला वाढदिवसाचे निमंत्रण पाठवतो. ‘गॉगल्स!’मध्ये (१९६९) सापडलेला चष्मा दांडगट मुलांपासून वाचवताना पीटर, त्याचा मित्र आर्ची आणि कुत्रा विली यांची जी धावपळ होते, तीत शहरातील पडीक जागा, तुटक्या भिंती आणि सांडलेला कचरा स्पष्ट दिसतो. या पुस्तकाला कॅल्डेकॉट सन्मान मिळाला.

या प्रवासात पार्श्वभूमी बदलत जाते. ‘द स्नोई डे’मध्ये बर्फाने शहर झाकून टाकले होते. पुढे ते झाकण निघते आणि खरी वस्ती दिसू लागते. ‘अपार्टमेंट ३’मध्ये (१९७१) दोन भाऊ जुनाट इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यांतून एका वाद्याच्या सुरांचा माग काढत जातात आणि एका अंध माणसापाशी पोचतात. ‘लुई’चा (१९७५) नायक कोणाशी बोलत नाही, पण बाहुल्यांच्या खेळातील एका बाहुलीशी बोलतो. त्या बाहुलीचे नाव गसी आहे आणि कीट्स यांच्या आईला घरी याच नावाने हाक मारीत. गरिबी या चित्रांत दिसते, पण कीव करण्यासाठी ती मांडलेली नाही. ६ मे १९८३ रोजी न्यूयॉर्क येथे कीट्स यांचे निधन झाले. स्वतः लिहून चित्रित केलेली बावीस पुस्तके आणि इतरांच्या पुस्तकांना दिलेली चित्रे धरून त्यांचे काम पंच्याऐंशीहून अधिक पुस्तकांत विखुरलेले आहे.

आपल्या संदर्भात

आपल्या भागातील मुसलमान मूल डोळ्यांसमोर आणले, तर या चर्चेचे महत्त्व पटते. बेळगावकडचे मूल घरी उर्दू किंवा दखनी बोलते, बाजारात मराठी ऐकते आणि पाट्या कन्नड वाचते. वडोदऱ्यातील मुलाच्या भोवती गुजराती असते, गोव्यातील मुलाच्या भोवती कोकणी. या मुलाला छापील पानावर सलीम किंवा फातिमा भेटतात त्या बहुधा ईदच्या पाठात. शीरखुर्मा वाटून झाला की त्यांचे काम संपते. एरवी ते एकात्मतेच्या चित्रात चार मुलांच्या रांगेत उभे असतात आणि डोक्यावरची टोपी हीच त्यांची ओळख असते. पाऊस पडला म्हणून भिजायला गेलेला, दात पडला म्हणून रडणारा, बहिणीवर रुसलेला सलीम आपल्या चित्रपुस्तकांतून दुर्मीळच आहे.

येथे प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. उर्दू शिकवणाऱ्या प्रत्येकाला हामिद आणि त्याचा चिमटा परिचयाचा आहे. प्रेमचंदही त्या समाजाबाहेरचेच लेखक होते. तरीही ईद, मेळा, आजी अमीना आणि खिशातील तीन पैसे हे सारे त्या कथेत इतके नेमके आहे की हामिद नमुना म्हणून उभा राहत नाही, तो एक स्वतंत्र मुलगा वाटतो. पीटर आणि हामिद शेजारी ठेवून शिकवले, तर विद्यार्थ्यांना दोन वाटा स्पष्ट होतील. पीटरच्या कथेत वेगळेपणाचा उल्लेख नाही. हामिदची कथा वेगळेपणाच्या तपशिलातूनच उभी राहते. आपल्या मुलांना दोन्ही प्रकारची पुस्तके लागतील.

चित्रांविषयी आपल्या काही घरांत संकोच असतो, याची जाणीव ठेवूनही हे सांगायला हवे की चित्र आणि मजकूर शेजारी मांडण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. पंचतंत्रातून अरबीत गेलेल्या ‘कलीला व दिम्ना’च्या सचित्र हस्तलिखितांपासून अकबराच्या काळातील ‘हम्झानामा’पर्यंत ती दाखवता येते. कीट्स यांचे तंत्र तर कापडाचे तुकडे, नक्षीचे कागद आणि खोडरबरचे ठसे यांवर उभे आहे. जेथे मानवाकृती नको असेल, तेथे घर, गल्ली, पाऊस आणि वाळत घातलेली ओढणी यांच्या कोलाजपासून सुरुवात करता येईल.

अध्यापक विद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून कोणतेही चित्रपुस्तक अभ्यासताना काही प्रश्न सोडवून घ्यावेत. पानाच्या मध्यभागी कोण आहे आणि कडेला कोण आहे? मजकुरात नसलेली कोणती गोष्ट चित्र सांगते? कोणती आकृती निरीक्षणातून आली आहे आणि कोणती साच्यातून? सण, दंगल किंवा एकात्मता वगळली तर हे मूल या पुस्तकात उरते का? चित्रकाराचे नाव सांगता येते का? या प्रश्नांच्या आधारे विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेतील वाचनपेटीची पाहणी केली, तर लॅरिक यांच्या पाहणीसारखी, लहान प्रमाणावर का होईना, पण आपल्या भागाची विश्वसनीय माहिती हाती येईल. तक्रार करण्यापूर्वी अशी मोजणी होणे आवश्यक आहे.

समारोप

कीट्स यांनी आपल्या नसलेल्या समाजातील मूल पुस्तकाच्या मध्यभागी आणले आणि ते सन्मानाने आणले. त्यांच्या चित्रणात उणिवा होत्या. त्या त्यांच्या समकालीनांनी स्पष्टपणे सांगितल्या आणि त्यातून पुढील चित्रकारांची वाट रुंद झाली. आपल्याकडेही एखादा सहृदय चित्रकार सलीमला बर्फात नाही तरी पावसात खेळायला नेईल, तेव्हा त्याचे स्वागत करावे आणि त्याच्या चित्रातील चुकाही दाखवाव्यात. तथापि तेवढ्यावर थांबून चालणार नाही. आपल्या वर्गांतून चित्र काढू शकणारी मुले-मुली आहेत. स्वयंपाकघरातील टेबलावर त्यांनी काढलेले चित्र पुसायचे की कापड घालून जपायचे, हे घरात पालकांनी आणि वर्गात आपण ठरवायचे आहे.